तिसरा पट्टा सोडला आहे

१. शुक्रवारी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी कन्हानपलीकडच्या एका गावी गेले.
२. त्याच संध्याकाळी गावाच्या गायरानावर एक पाटी ठोकली गेली. खिळे मी धरले होते.
३. शनिवारी सकाळी शेजारच्या गावाची गुरं त्या पाटीच्या मागे चरताना सापडली.
४. पाटीवर लिहिल्याप्रमाणे ती तिथे असायलाच नको होती.
५. पाटीवर लिहिल्याप्रमाणेच ती तिथे आली होती.
६. रविवारी मी परत आले.

आता सविस्तर.

नागपूरच्या आसपास दोन दिवसांत होईल अशी सहल शोधणारे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. त्यांना आधीच सांगते, या सहलीत धबधबा नाही, किल्ला नाही, फोटोसाठी कठडा नाही. गवत आहे. माझी रूम पार्टनर अश्विनी हिची आई रेखाकाकू वर्षभर फोनवर गवताशिवाय दुसरं काही बोललेल्या नाहीत. मी उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करते. त्यामुळे काकूंचा फोन आला की अश्विनी तो माझ्या हातात देऊ लागली. शेवटी म्हणाली, "तू एकदा जाऊनच ये ना. मी लय ऐकून राहिली. आता तुझी बारी."

प्रताप नगरहून निघायचं तर जयप्रकाश नगरला मेट्रो पकडा आणि ऑटोमोटिव्ह चौकात उतरा. इथपर्यंत सगळं थंड आणि वेळेवर असतं. पुढे कामठीपर्यंत शेअर ऑटो आणि कामठीहून कन्हानला दुसरा. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरला म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या दृष्टीने ऑटो भरला होता. त्यानंतर त्यात आणखी तिघं आणि एक कूलरची टाकी बसली. कन्हान नदीचा पूल मी त्या टाकीच्या नळाकडे पाहत ओलांडला. कन्हानहून गावाच्या फाट्यापर्यंत तिसरा ऑटो मिळतो. तिन्ही मिळून खर्च एका बऱ्या कॉफीपेक्षा कमी येतो. सुटे पैसे ठेवा आणि मांडीवर मावेल एवढीच बॅग घ्या.

फाट्यावर रेखाकाकू स्कूटी घेऊन उभ्या होत्या. पायांशी हातोडी होती आणि मागच्या सीटवर पाटी बांधलेली.

"आली का वं? बस. पाटी मांडीवर घे. आधी ते लावू, मंग चहा."

मी पाटी मांडीवर घेतली. पांढऱ्या रंगावर निळ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: *पट्टा क्रमांक ३ सोडला आहे. दोन्ही गावांनी नोंद घ्यावी.* अक्षर चांगलं होतं, शुद्धलेखनही. मला काहीही खटकलं नाही.

गायरान म्हणजे गावाची चराऊ जमीन. काकूंचं गाव आणि नाल्यापलीकडचं देवरावभाऊंचं गाव यांचं गायरान एकच आहे. पूर्वी दोन्ही गावांची गुरं त्यावर बारा महिने फिरत. आपण नाही चारलं तर ते चारतील, या हिशेबाने दोघं चारत आणि शेवटी तरोटा उरे. तरोटा गुरं खात नाहीत. मग दोन्ही गावांनी मिळून गट केला आणि गायरानाचे पाच पट्टे पाडले. एकात या गावाची गुरं, दुसऱ्यात त्या गावाची, पंधरवड्याने अदलाबदल. एकावेळी दोनच पट्टे खाल्ले जातात आणि बाकीचे पुन्हा वाढतात.

तिसऱ्या पट्ट्याला मात्र पावसाळ्यापासून एकाही जनावराचं तोंड लागलेलं नव्हतं. तिथे मारवेल गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्याचं बी पिकलं की ते काढून पाचव्या पट्ट्यात पेरायचं होतं, कारण पाचवा पट्टा म्हणजे नुसता मुरूम. हा सगळा खटाटोप रेखाकाकूंनी उभा केला होता. दोन्ही गावांना पटवताना त्यांनी शब्द दिला होता: यंदा तिसऱ्यातून बी मिळालं नाही तर गट मोडा, ज्याने त्याने पूर्वीसारखं चारा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललेला माणूस या अटीचं गांभीर्य समजेल.

मी विचारलं, "कुंपण का नाही घातलं?"

"तार लावली होती. गेली."

"कुठे?"

"ते तारेले माहीत."

त्यामुळे चार महिने दोन्ही गावांचा एकेक माणूस आळीपाळीने राखण करत होता. पण आता सोयाबीन काढणी सुरू झाली आणि राखणीला माणूस मिळेना. म्हणून मागच्या सभेत ठराव झाला की राखणदार हटवायचे आणि पाटी लावायची. पाटीवरचं वाक्य सभेत वाचून दाखवलं गेलं आणि टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झालं. हे एकमत लक्षात ठेवा.

पळसाच्या खोडाला इजा नको म्हणून पाटी एका खांबावर ठोकली. मी खिळे धरले, काकूंनी हातोडी चालवली. त्यांचा एकही घाव चुकला नाही, याबद्दल मी आजही आभारी आहे.

राहण्याबद्दल: हॉटेल नाही, काकूंचं घर आहे. जेवायला गोळाभात होता. हरभऱ्याच्या भरडलेल्या डाळीचे तिखट गोळे भातात शिजवतात आणि वरून कडकडीत तेल घेतात. काकू म्हणाल्या, "तुह्यासाठी तिखट नाई केलं वं." नागपुरात जन्मलेल्या मुलीने पुढचं लिहू नये. एवढंच सांगते की तेलानंतर ताक घ्या, पाणी घेऊ नका.

जेवताना शेजारच्या दोघी येऊन बसल्या.

"लग्न झालं का?"

"नाही."

"काहून वं?"

"वेळ आहे."

"कोणाले?" त्यांतली एक म्हणाली. मी ताक प्यायले.

शनिवारी सकाळी शालिकरावांबरोबर निघाले. शालिकराव गावचे ढोरकी, म्हणजे घरोघरची गुरं गोळा करून चारायला नेणारे. गळ्यात शिट्टी, खिशाला दोन पेन. पेनं कशासाठी, असं मी विचारलं.

"एक चालत नाई," ते म्हणाले.

गुरं पुढे, शालिकराव त्यांच्यामागे, त्यांच्यामागे रेखाकाकू आणि शेवटी मी. एक सूचना: ऑक्टोबरात गायरानावर जाताना कापडी मोजे घालू नका. कुसळ नावाच्या गवताला टोकदार तुरे येतात. ते मोज्यात शिरतात आणि फक्त पुढे सरकतात, मागे येत नाहीत. रचना उत्तम आहे. पायात असताना तिचं कौतुक होत नाही.

आम्हाला पहिल्या पट्ट्यात जायचं होतं. वाट तिसऱ्याच्या कडेने जाते. पाटी दिसली आणि शालिकरावांनी शिट्टी तोंडातून काढली.

तिसऱ्या पट्ट्यात नाल्याच्या बाजूला गवताच्या वर फक्त पाठी आणि शिंगं दिसत होती. पळसाच्या सावलीत देवरावभाऊ बसले होते. पलीकडच्या गावाच्या गटाचे ते प्रमुख. त्या दिवशी ते स्वतः गुरांमागे आले होते, आणि प्रसन्न दिसत होते.

"या, या वयनी. लय मस्त गवत ठेवलं बरं तुमी."

रेखाकाकूंचा आवाज एकदम खाली आला. "देवरावभाऊ, हे काय करून राहिले?"

"चारून राहिलो."

"पाटी नाई वाचली?"

"वाचूनच तं आलो!"

"काय लिहिलं हाये त्याच्यावर?"

"पट्टा सोडला आहे," देवरावभाऊ म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? सोडला, म्हणून आलो."

"सोडला हाये तं आले कायले?"

"सोडला नसता तं आलो असतो का?"

हे आणखी दोनदा झालं, आवाज चढवत. मी दोघांच्या मध्ये पाटीखाली उभी होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. काकूंच्या मते पट्टा सोडला म्हणजे वगळला, तिथे जायचं नाही. देवरावभाऊंच्या मते पट्टा सोडला म्हणजे मोकळा केला, आता चारा. राखणदार हटले, पाटी लागली, पट्टा सुटला. त्यांच्या बाजूने हिशेब अगदी सरळ होता. सभेत दोन्ही गावांनी टाळ्या वाजवल्या होत्या, प्रत्येकाने आपापल्या अर्थासाठी.

आधी गुरं बाहेर काढायची होती. पंगतीत बसलेल्या पाहुण्याला पहिल्या वाढपानंतर उठवून पाहा. देवरावभाऊंची तांबडी नावाची गाय चार पावलं बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि वळून पुन्हा आत गेली.

शालिकराव शिट्टी वाजवून तिच्यावर ओरडले, "अवो तांबडे, सोड ना आता!"

"पाहा," देवरावभाऊ म्हणाले. "तिले बी 'सोड' समजत नाई."

कोणी हसलं नाही. काकू एकट्याच वरच्या चढाकडे निघाल्या. मी मोबाईलमध्ये वाट नोंदवत खाल्लेल्या भागाच्या कडेने चालत गेले. काकू म्हणत होत्या, अर्धा गेला. देवरावभाऊ म्हणत होते, कोपरा गेला. माझ्या मोजणीप्रमाणे साधारण तिसरा हिस्सा गेला होता. हे सांगितल्यावर दोघंही माझ्यावर नाराज झाले.

गुरं नाल्याकडून आत शिरली होती, म्हणून चढावरचं गवत वाचलं होतं. काकूंनी एक तुरा तळहातावर चोळून पाहिला. बी अजून हिरवं होतं.

"पंधरा दिस पाहिजे अजून," त्या म्हणाल्या. "एवढं जरी उभं राहिलं ना, तरी पाचव्याचं भागते. पण आता हे गाव थांबते का अन् ते गाव थांबते?"

घरी येईपर्यंत तो तुरा त्यांनी मुठीतच धरून ठेवला.

दुपारी दोन्ही गावांत निरोप फिरले आणि संध्याकाळी नाल्याजवळच्या मारुतीच्या पारावर सभा भरली. मधोमध उपटून आणलेली पाटी ठेवली होती, आरोपीसारखी. पलीकडच्या गावातून बैठक मोडायच्या तयारीनेच लोक आले होते. एकाने सुरुवातच केली, "आमाले चोर ठरवलं. आमी गटातून बाहेर."

"चोर कोण म्हणलं गा?" काकूंच्या बाजूचा एक जण म्हणाला.

"तोंडानं नाई म्हणलं. शिट्टी वाजवली."

शालिकरावांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली.

"हे पाहा," देवरावभाऊ म्हणाले, "नळाले पाणी सोडलं म्हणजे पाणी येते का जाते?"

"येते," त्यांचं गाव म्हणालं.

"गोठ्यातून ढोरं सोडली म्हणजे?"

"चराले गेली."

"मंग पट्टा सोडला म्हणजे?"

रेखाकाकू उठल्या. "भाऊ, तुमी पोळ्याच्या दिवशी तंबाखू सोडली ना? सगळ्यायसमोर?"

"हाव."

"सोडली म्हणजे काय? खाऊन राहिले का?"

पलीकडच्या गावातूनच मागून आवाज आला, "हाव, खाऊनच राहिले!" आणि अख्खा पार हसला. देवरावभाऊंनी गालातली तंबाखूची गोळी जिभेने पलीकडे सारली. सगळ्यांनी ते पाहिलं. पहिल्यांदा माणसं नीट बसली.

मग काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे शिकलेली हाये. कोणत्याच गावची नाई. सांग वं, काय लिहिलं हाये त्याच्यावर?"

मला सभेत बोलायला आवडत नाही. मी म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"दोन्ही अर्थ होतात. दोन्ही गावं बरोबर आहेत. वाक्य चूक आहे."

आपण बरोबर आहोत हे ऐकून दोन्ही गावांना बरं वाटलं. समोरचेही बरोबर आहेत हे ऐकून तेवढंच वाईट वाटलं. पण एक झालं. भांडण माणसांवरून उतरून शब्दावर आलं.

कोणी म्हणालं, 'बंद' लिहा. उत्तर आलं, "दारू बी बंदच हाये गावात." पुढे चर्चा झाली नाही.

'राखीव' लिहा. "राखीव म्हणलं की कोणासाठी ते बी लिहा लागते."

'चराईबंदी'. त्यावर दोन्ही गावं एका सुरात नको म्हणाली. तो शब्द सरकारी वाटतो, पाहिला की माणूस घाबरून दुसऱ्याच वाटेने आत जातो. सभेतलं हे पहिलं खरं एकमत.

'आराम करून राहिला आहे'. "आराम करणाऱ्याले उठवाचीच पद्धत हाये आपल्याकडे."

'सुट्टी'. "सुट्टी झाली की पोरं सुटतात. मंग ढोरं काय बसून राहतीन?"

'नो एन्ट्री'. देवरावभाऊंनी हात वर केला. "मी नागपुरात गेलो हाये. नो एन्ट्रीत काय होते ते पाहून आलो."

इथे मी मध्ये पडले. म्हणाले, शब्दच नको, चिन्ह काढू. गोल, आत गाय, तिच्यावर लाल फुली. वाचावंच लागणार नाही. शालिकरावांनी अभिमानाने एक पेन दिलं. ते चालत नव्हतं. दुसऱ्याने मी कागदावर चित्र काढलं. कागद हातोहात फिरला.

"दिवाळी तोंडावर आली," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अन् गायीवर फुली मारून राहिली हे पोरगी?"

"गाय कुठं होय ते," शालिकराव म्हणाले. "बकरी होय. म्हणजे बकऱ्या नाई, बाकी सगळं चालते."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. नकाशे करण्यासाठी चित्रकला लागत नाही.

मग काकू म्हणाल्या, "लिहा, तिसरा पट्टा माहेरी गेला आहे. माहेरी गेलेल्या बाईले कोणी काम सांगत नाई. जेवते, झोपते, अंगानं भरते. पोरीले येऊ द्या आपल्या मनानं." बायकांना हे फार आवडलं. मलाही. पट्टा पुल्लिंगी आहे, हे मी बोलून दाखवलं नाही. शालिकरावांनी दाखवलं आणि 'मामाच्या गावाला गेला आहे' अशी दुरुस्ती सुचवली.

देवरावभाऊंनी बराच विचार केला. "शब्द चांगला हाये वयनी. पण माहेरी गेलेलीले आणाले जा लागते. आमच्या गावात एक जण असा हाये, दुसऱ्याच दिवशी आणाले जाते."

त्या एकाकडे सगळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "घरी जेवणाचे हाल होतात ना!"

तरीही 'माहेरी' जवळजवळ ठरत आला होता. तो पडला दुसऱ्याच कारणाने. पलीकडच्या गावाने सांगितलं की शब्द रेखाकाकूंच्या गावचा आहे, आम्ही तो लावला तर चूक आमची होती असं दिसेल. मग काकूंच्या गावाने सांगितलं की देवरावभाऊंचा कोणताही शब्द आम्हाला चालणार नाही, कारण तसंच. शेवटी ठराव असा झाला: शब्द तिसऱ्या ठिकाणचा पाहिजे. येत्या शुक्रवारच्या सभेत तो मिळाला तर पाटी पुन्हा लागेल आणि गट राहील. नाही मिळाला तर गट मोडला, गायरान ज्याचं त्याचं. ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी मी 'तिसऱ्या ठिकाणचा' म्हणजे काय, 'शुक्रवार' म्हणजे कोणता, हे दोन्ही गावांकडून वेगवेगळं वदवून घेतलं. तसं करताना मी सभेत जितकं बोलले तितकं वर्षभरात ऑफिसात बोलले नसेन.

"तिसऱ्या ठिकाणी कोण जाईन?" काकूंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी निघण्याआधी काकूंसोबत पुन्हा तिसऱ्या पट्ट्यावर गेले. चढावरचं गवत उभं होतं. खांबावर पाटी नव्हती, खांबाला टेकून शालिकराव उभे होते. त्यांची गुरं शुक्रवारपर्यंत देवरावभाऊ नेणार होते, आणि कुठे नेणार ते त्यांनी बोटाने दाखवून सांगितलं होतं, शब्द न वापरता. देवरावभाऊ जाताना काकूंना म्हणाले, "वयनी, ते बी पिकलं का मले सांगा. आमच्या गावचे चार जण येतीन काढाले." मग घाईने म्हणाले, "गट राहिला तं."

परतीचा रस्ता तोच. ऑटोत कूलर नव्हता, गाठोड्यांतली अंबाडी होती. कामठीला चांगला चहा मिळतो, उतरलात तर घ्या.

प्रताप नगरला पोचले तर आमच्या इमारतीच्या फाटकावर नवीन सूचना लागली होती: *गाडीसाठी जागा सोडावी.* त्या जागेत एक गाडी लावलेली होती आणि मालक शेजाऱ्यांशी वाद घालत होते. मी थांबले नाही. अश्विनीने विचारलं, "कसं होतं?" मी मोजे काढून तिच्यासमोर ठेवले. अजूनही दोन कुसळं आत आहेत आणि पुढे सरकताहेत.

सोमवारी ऑफिसात एका नकाशावर मी सवयीने टीप लिहिली, 'हा भाग सोडला आहे', आणि थांबले. बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. दुसरा शब्द मला सापडला नाही.

म्हणून विचारते आहे. तुमच्या गावाकडे, तुमच्या आजोळी, कुठेही, गवत वाढावं म्हणून काही काळ न चारलेल्या जमिनीला काय म्हणतात? एकच शब्द हवा. त्याचा एकच अर्थ असावा. शालिकरावांना लांबून ओरडता यावा. तो कुठला आहे तेही लिहा. कन्हान आणि कामठीच्या आसपासचा नको, तो दोन्ही गावांना कोणाचा ना कोणाचा वाटेल.

खाली प्रतिक्रियेत कळवा, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. शुक्रवारी सभा आहे. तोवर पाटीच्या जागी शालिकराव उभे आहेत, आणि त्यांना दिवाळीसाठी बहिणीकडे जायचं आहे.